उंदरांसाठी तांबड्या चिंध्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साखरा गावातल्या राहत्या घरी, माझी थोरली बहीण सुभद्राअक्का वारली. मूत्रपिंडाचा जुना आजार होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ती हिंगोलीला जात असे. फोन तिच्या मुलीचा, रेखाचा होता. "मामा, माय गेली," एवढंच ती म्हणाली...

रेखा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत याच आजारावरच्या नव्या औषधाची उंदरांवर चाचणी घेते. आईचं दुखणं कळण्याच्या आधीपासून ती या कामात आहे. तिनं ते अक्काला समजावून सांगितलं, तेव्हा मी ओसरीवर होतो.

"धडधाकट उंदराला आधी बिमार पाडता? काहून?"

"त्याशिवाय औषध लागू पडतं का, कसं कळणार? मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी."

"आन् मंग?"

"मग सगळ्यांचीच मूत्रपिंडं काढून तपासतो."

अक्काकडे शेळ्या होत्या. नवी दवा आणली की ती आधी एकाच शेळीला पाजायची आणि जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी तिच्या गळ्यात बांधायची. ती शेळी पुढं कधी विकायची नाही. व्यापारी हटून बसला तर म्हणायची, "तिनं समद्यांसाठी दवा पेली. तिला हात लावू नको, दुसरी पाह्य."

रेखा पुण्याला निघाली तेव्हा अक्कानं पिशवीभर चिंध्या तिच्या हातात दिल्या. "लेकरायच्या गळ्यात बांध."

"माय, करंगळीएवढी मान असते त्यांची."

"मंग थांब, बारीक फाडून देते."

त्यानंतर दर फोनला पहिला प्रश्न ठरलेला, "जमलं का तुह्या उंदराचं?" डायलिसिसच्या खुर्चीतही तिला तेवढीच आस होती.

निकाल उन्हाळ्यात आला. मी खाटेशेजारी बसलो होतो, फोनचा स्पीकर चालू होता. औषध लवकर सुरू केलेल्या उंदरांची मूत्रपिंडं बरीच वाचली होती; आजार पुढं गेलेल्यांत मात्र फरक पडला नव्हता.

"मंजे माह्या कामाचं न्हाई," अक्का म्हणाली.

पलीकडे रेखानं नाक ओढलं. "न्हाई, माय." एरवी फोनवर रेखा 'नाही' म्हणते.

"रडून नको राहू. आता लवकर कळलेल्यायला तरी मिळन. आन् ते बिनदवाचे उंदरं? त्यायला बी बांधली का चिंधी?"

रेखानं खरं ते सांगितलं. पिंजऱ्यांच्या खोलीत बाहेरचं कापड चालत नाही. दाराबाहेर अॅप्रन अडकवायची खुंटी आहे, तिला एक चिंधी बांधली आहे. सगळ्यांच्याच नावानं.

"मंग बराबर," अक्का म्हणाली आणि डॉक्टरांनी मोजून दिलेल्या पाण्यातला तिच्या वाटणीचा घोट मागितला. आमची ती शेवटची भेट.

तेराव्यानंतर रेखा कामावर रुजू झाली. औषधाची माणसांवरची चाचणी अजून सुरू झालेली नाही. अक्काच्या शेळ्या गेल्या आठवड्यात विकल्या. तांबडी चिंधी बांधलेली एक गोठ्यात आहे.