डावीकडचा ब्रेक

सरिता मॅडमच्या गाडीत डाव्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक आहे आणि जास्तीचा क्लच. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंग धरून घाम पुसतो आणि मॅडम डावीकडे बसून पायाने त्याचा जीव वाचवतात. पण सुट्टीला नवरा-बायको गावी, पाचोडला निघाले की गाडी मॅडम चालवतात आणि डावीकडे त्यांचे मिस्टर बन्सीभाऊ बसतात. मांडी घालून. मुकुंदवाडीपासून गावाच्या वेशीपर्यंत पाय खाली सोडत नाहीत.

"गुडघे धरत नाहीत का त्यांचे?" मी एकदा विचारलं.

"धरतात की. पण राग त्याच्याहून जास्त धरलाय."

राग पंधरा वर्षांचा. स्कूल नवं होतं तेव्हा मॅडमनी नवऱ्याला गाडी शिकवायला घेतली. छावणीतला मोकळा रस्ता, सकाळची वेळ. बन्सीभाऊ क्लचवरचा पाय उचलणार की मॅडमचा ब्रेक. वळायला जाणार की ब्रेक. पुढे कुत्रं दिसलं, अजून पार लांब होतं, तरी ब्रेक. शेवटी ते गाडी तशीच चालू ठेवून उतरले आणि चालत घरी आले. "तूच चालव, तूच थांबव. मी तुझ्या ब्रेकला जन्मात पाय लावणार नाय," म्हणाले. वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारा, कुणाशी मोठ्यानं न बोलणारा माणूस. पण एवढा शब्द त्यांनी पाळला.

मी पन्नाशी उलटल्यावर मॅडमकडे शिकायला लागले. सिडकोत आमच्या गल्लीत सकाळी हॉर्न वाजायचा, मी पोळ्यांवर फडकं टाकून खाली धावायची. मॅडमचं शिकवणं एका वाक्यात आहे: "घाबरू नका ताई, मी हाय इथं." रिक्षा अंगावर आली की हेच, बस मागून ओरडली की हेच. आणि ते खरंही असायचं, कारण तेवढ्यात गाडी थांबलेली असायची. मी थांबवली की त्यांनी, ते मला कधी कळलं नाही.

एक दिवस आकाशवाणीच्या सिग्नलला उभ्या होतो. मी सहज म्हटलं, "मॅडम, तुम्ही एकट्या असलात की कशी चालवता हो? जोरात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकटी कवा असते मी?"

मग त्यांनी हिशेब सांगितला तो असा. आई भामाबाई नागसेनवनातल्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायची. सरिता तिथंच बी.ए. झाली. महिलांसाठी फुकट ड्रायव्हिंगचा वर्ग निघाला, तो केला. लायसन्स हातात पडलं तोच शिकवणारे म्हणाले, बाई शिकवायला असली तर बाया येतील, तू बस डावीकडे. तेव्हापासून डावीकडे. उजवीकडे बसायचं ते फक्त एका विद्यार्थ्याला सोडून दुसऱ्याला आणायला, नाहीतर गावाला. गावाला जातानाही शेजारी मांडी घातलेला नवरा आणि मागे सासूबाईंच्या मांडीवर पिठाचा डबा.

"ताई, शप्पथ सांगते, मी कशी चालवते मलाच माहीत नाय," त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न देत होते. "चला, क्लच सोडा. मी हाय इथं."

हा प्रश्न त्यांना लागला तो तिथून. मला दोष देतात, देऊ देत.

त्यांचा जुना विद्यार्थी प्रणय चिकलठाण्याच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या हौशी मित्रांचा गट बिडकीनच्या बाजूला एका खाजगी प्लॉटवर वर्षातून दोनदा गाड्या पळवतो. मुरूम दाबून सपाट केलेलं मैदान, प्लास्टिकचे लाल कोन लावून आखलेला वाकडातिकडा रस्ता. एका वेळी एकच गाडी सुटते, समोरून कुणी येत नाही, मागून कुणी येत नाही. शर्यत फक्त घड्याळाशी. आणि एक गट रोजच्या वापरातल्या गाड्यांचा. ज्या गाडीतून भाजी आणता, तीच, जशीच्या तशी.

"मॅडम, या ना," प्रणय म्हणाला. "आम्हाला बी कळू दे, तुम्हाला ब्रेकशिवाय दुसरं काय येतं."

हे तो हसत म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. नाव देऊन आल्या.

घरी बन्सीभाऊंनी विचारलं, "गाडीला काही झालं तर सोमवारी कशावर शिकवशील?"

"तुमच्या डोक्यावर."

नियम एकच आडवा आला. डावीकडची पॅडल्स काढून टाकायची, जास्तीचं काही नको. मॅडम शहागंजातल्या त्यांच्या नेहमीच्या फिटरकडे गेल्या. तो गाडीखाली आडवा झाला, नट सोडवता सोडवता म्हणाला, "पॅडल तो निकालता मैं मॅडम. पर तुमारे पाँव का क्या करते?"

रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर, मांडीवर डबा. बन्सीभाऊ पुढे. त्यांच्या पायाखाली आता नुसता रबरी मॅट होता, तरी मांडी घातलेली.

"सोडा की पाय खाली," मॅडम म्हणाल्या. "काढलेत ना आता."

"असू दे. सवय झाली."

मैदानावर तीसेक गाड्या आणि त्यांच्याभोवती माणसं. कुणी चाकातली हवा मोजत होतं, कुणाच्या बायका सतरंजी पसरत होत्या. एका पोरसवदा डॉक्टरने मागची सीटच घरी काढून ठेवली होती, त्याची आई लोकांना सांगत होती की आज येताना मला मोटरसायकलवर यावं लागलं. तपासणीला मॅडमच्या अल्टोतून सुटं सामान काढायला लावलं. छत्री, पाण्याच्या बाटल्या, काचेचं फडकं, टपावरची नंबर लिहिलेली पिवळी पाटी. डॅशबोर्डवरची बुद्धाची पांढरी छोटी मूर्ती टेपने चिकटवलेली होती, तीही काढा म्हणाले, उडून लागेल. मॅडमनी ती हलक्या हाताने सोडवली आणि बन्सीभाऊंच्या शर्टाच्या खिशात ठेवली. राहिला तो पुढचा-मागचा लाल एल. तो रंगवलेला, निघेना.

"आणि आता ट्रॅकवर येतीय," माइकवाला ओरडला, "चक्क शिकाऊ गाडी! मंडळी, जरा अंतर ठेवा!"

लोक हसले. हेल्मेटमधून मॅडमचा चेहरा दिसत नव्हता.

प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. नंबराची मॅडमना पर्वा नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांना एवढंच बघायचं होतं की आपला पाय ब्रेकवरून उठतो की नाही.

झेंडा पडला. गाडी निघाली, आणि पहिल्या वळणाच्या कितीतरी आधी उजवीकडचा इंडिकेटर लुकलुकायला लागला.

"मॅडम उजवीकडे वळणार आहेत," माइकवाला गंभीर आवाजात म्हणाला. "सर्वांनी नोंद घ्यावी."

मैदान फुटलं हसून. मॅडमनी पुढच्या वळणालाही इंडिकेटर दिला. मैदानाच्या पार टोकाला मुरमाचा ढीग होता, त्याला वळसा घालून परतायचं, पलीकडचं दिसत नाही. तिथं त्यांनी हॉर्न वाजवला. रिकाम्या मैदानात. मी दोरीपाशी उभी राहून मागचे दिवे बघत होते; ब्रेक दाबला की लाल होतात ते. सगळ्या वळणांना लाल झाले आणि ढिगाला तर इतका वेळ लाल राहिले की मला वाटलं गाडी बंद पडली. रोजच्या वापरातल्या गटात अकरा गाड्या, त्यांत अकरावा नंबर.

"मॅडम, समोरून कुणी येणार नाही हो," प्रणय खिडकीत वाकून म्हणाला. आता तो चिडवत नव्हता.

"माहीत हाय रे मला! पायाला कोण सांगणार?"

जेवायला आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. भाकरी, ठेचा, मी नेलेली वांग्याची भाजी. मॅडम घास नुसता हातात धरून होत्या. हेल्मेटने कपाळावर वळ उठला होता.

"ढिगापाशी काय होतं?" बन्सीभाऊंनी विचारलं.

"डावीकडं बघते मी."

"का बरं?"

"तिथं बसूनच बघायची सवय ना. समोरचं दिसंना झालं की वाटतं, आता ह्यो चुकणार. पाय आपोआप जातो."

"ह्यो म्हंजे कोण? चालवतीस तर तू."

मॅडमनी घास खाली ठेवला.

बन्सीभाऊ पाणी प्यायले, बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं. मग म्हणाले, "मी व्हतो तवा दाबलास ते समजतं. मला येत नव्हतं. आता कुणीच नाय, तर कुणापायी दाबतीस?"

पंधरा वर्षांत ही गोष्ट त्यांच्यात पहिल्यांदाच निघाली असावी. कारण मॅडम भाकरीचे नुसते तुकडे करत राहिल्या. "तुम्हाला येत नव्हतं असं नाय," एवढंच म्हणाल्या. "मला भ्या वाटत होतं."

"ते तवा सांगायचं ना मग," म्हणून बन्सीभाऊ उठले, हात धुतले आणि कुठं निघून गेले.

दुसऱ्या फेरीला रांग लागली. डॉक्टरच्या गाडीने दोन कोन उडवले, त्याची आई टाळ्या वाजवत होती. मॅडमचा नंबर आला तरी बन्सीभाऊंचा पत्ता नाही. मूर्ती खिशात घेऊन हा माणूस गेला कुठं, म्हणून मी इकडेतिकडे पाहत होते. मग दिसले. दोरीच्या बाहेर, पार त्या ढिगाच्या पलीकडे, वळणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला शेताचा बांध होता, त्यावर. उन्हात. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून, गाडीत बसतात तसेच.

झेंडा पडला. पहिल्या वळणाला इंडिकेटर लागला. "आलं, आलं," कुणीतरी म्हणालं. लाल दिवे लागले, पण लगेच गेले. दुसऱ्या वळणाला मुरूम उडाला, गाडीची मागची बाजू किंचित सरकली. सरळ रस्त्यावर इंजिनाचा आवाज असा चढला की मी त्या गाडीतून इतके महिने फिरूनही तिला असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. समोर ढीग. दिवे एकदा लाल झाले, डोळा मिटावा तेवढेच, आणि गाडी ढिगामागे दिसेनाशी झाली. हॉर्न वाजला नाही.

मग ढिगाच्या दुसऱ्या बाजूने धुळीचा लोट आला आणि लोटातून तो लाल एल.

अकरांत सहावी आली. माइकवाला म्हणाला, "शिकाऊ गाडी शिकली, मंडळी!" ह्या वेळेला लोक हसले ते वेगळं होतं. मॅडम उतरल्या, हेल्मेट काढलं, केस सगळे चिकटलेले. नंबर विचारला नाही. सरळ माझ्याकडे आल्या.

"ताई, ढिगापाशी लाल दिवा लागला?"

"लागला. एवढासा."

"तेवढा लागतो. तेवढा लागायलाच पाहिजे." आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "चालवते की मी."

बन्सीभाऊ बांधावरून सावकाश चालत आले. पाय आखडले होते. मी म्हटलं, "तिथं कशाला जाऊन बसलात?"

"सावली व्हती."

बांधावर एक बाभूळ होती खरी, पण तिची सावली पलीकडच्या वावरात पडली होती. मॅडमनी ते पाहिलं.

बक्षिसं वाटून झाली. गाड्या एकेक करून पैठण रोडला लागल्या, प्रणय आणि त्याचे मित्र कोन गोळा करायला लागले. ऊन उतरलं होतं. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मॅडम मात्र गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी गेल्या. तिथं बन्सीभाऊ दार उघडून आत चढायच्या बेतात होते.

"इथं नाय," त्या म्हणाल्या. "तिकडं बसा."

"कुठं तिकडं?"

"उजवीकडं. मैदान मोकळं हाय. हितल्या हितं एक चक्कर मारायची. रस्त्यावर लायसन्सशिवाय न्यायची नाय, सांगून ठेवते."

"सरिता, काहीतरी बोलू नको. ब्रेक बी काढलाय तुझा."

"म्हणूनच म्हणतीय."

बन्सीभाऊंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे, जणू मी काही सांगेन. मी डब्याचं झाकण तपासत बसले. ते जाऊन उजवीकडे बसले. मॅडमनी तिथूनच ओरडून सांगितलं, "प्रणय, कोन राहू दे रे थोडे!" त्याने हात वर केला आणि सगळ्यांना कडेला घेतलं.

मॅडम डावीकडे बसल्या, किल्ली फिरली. पंधरा वर्षं न केलेली गोष्ट बन्सीभाऊंच्या पायाला अर्धवट आठवत होती. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा आचका दिला आणि निघाली. मला मागून मॅडमचा उजवा पाय स्पष्ट दिसत होता. मॅटवर तो दाबला गेला होता, चपलेतली बोटं पांढरी पडली होती. खाली काहीही नव्हतं, तरी त्या दाबत होत्या. तोंडातून मात्र एक शब्द नाही. "मी हाय इथं" तर नाहीच.

"पाय लावायचा नाय हां," बन्सीभाऊ समोर बघत म्हणाले.

"लावायला हाय काय इथं?"

मॅडमनी चपला काढल्या. एक पाय वर घेतला, मग दुसरा, साडी गुडघ्याखाली नीट खोचली आणि सीटवर मांडी घालून बसल्या. हात मांडीवर.

गाडी बैलगाडीच्या चालीने ढिगाकडे निघाली. ढीग अजून कितीतरी लांब होता. बन्सीभाऊंनी हात पुढे केला, चाचपडले, आधी वायपर सुरू केला, तो बंद केला आणि मग उजवीकडचा इंडिकेटर दिला.