लाल गाडीची पारख

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोखाली पाठीवर पडलो होतो. "दादा, तानशाकडं एका शेठच्या फार्महाऊसवर जुनी स्पोर्ट्स कार हाय. लाल. दोनच शिटा. घ्यायचं म्हणतोय. तू बघून दे."

"उघड्या टपाची?" मी विचारलं. तो हो म्हणाला.

ती गाडी मला ठाऊक होती. शहापूरला हायवेच्या कडेला माझं गॅरेज नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा नाशिककडे जाताना ती माझ्या दारात बंद पडली. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला होता. तो काढून दिला, तर शेठ म्हणाले, "बसा, एक चक्कर मारू." आटगावपर्यंत जाऊन आलो. वीस मिनिटांचा खेळ. त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण त्यानंतर कुठलीही गाडी चालवताना मी मनातल्या मनात तीच चालवत आलो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता ती मिळणार कुणाला, तर याला. याचं मुरबाडला सिमेंट-विटांचं दुकान आहे. स्पार्क प्लग कुठे असतो हे याला माहीत नाही. मी मत्सरी माणूस आहे, लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज फाटका आहे, असं मी म्हणालो होतो. बंगल्याच्या लाद्या घसरड्या, बोअरचं पाणी खारट, जावई फार गोड बोलतो, हेही मीच म्हणालो होतो. ट्रॅक्टर अजून चालतोय, लाद्यांवरून कुणी पडलं नाही, पाणी गोड आहे आणि जावई सज्जन निघाला. तरी तो प्रत्येक वेळी मलाच विचारतो. याचाही मला राग येतो.

रविवारी आम्ही गेलो. मी आधीच फार्महाऊसच्या रखवालदाराला फोन करून बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. रखवालदाराने पहाटेच तापवून ठेवली होती. ही युक्ती मला म्हसाच्या जत्रेपासून माहीत आहे. लंगडणारा बैल चार फेऱ्या फिरवून आणला की गिऱ्हाइकासमोर मोकळा चालतो. माझे वडील बैल बघायला पहाटे जायचे आणि बसलेला बैल उठताना बघायचे. जुनी गाडीही तशीच. थंड इंजिन पहिल्या दमात जे बोलतं तेच खरं. म्हणून मी चिकूच्या झाडाखाली बैठक मारली आणि ती गार होईपर्यंत दोन तास उठलो नाही. भाऊ जांभया देत होता. त्याची बायको सोबत आली होती, ती गाडीशेजारी उभं राहून फोटो काढत होती. तेही मला बघवत नव्हतं.

मग मी तपासलं, आणि खोटं कशाला सांगू, मन लावून तपासलं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. मागच्या मडगार्डवर एकच जागा सापडली. दारं दोन्हीकडे सारख्या फटीने लागत होती, म्हणजे मोठा ठोका बसलेला नव्हता. तेलाच्या झाकणाखाली पांढरा चिकटा नव्हता, म्हणजे तेलात पाणी जात नव्हतं. चॅसी नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळला. नोंदणीची मुदत शिल्लक होती. थंड इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. निळा धूर क्षणभर आला आणि गेला. एकेक गोष्ट बरी निघत गेली तसा माझा चेहरा पडत गेला.

शेवटी जॅकवर उचलून, खाली ओंडके लावून आत शिरलो. पुढचं डावं चाक धरणारा लोखंडी आर्म चॅसीला जिथे बसतो तिथे गंज रोखायचं डांबर जरा जास्तच जाड फासलं होतं. पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

तेव्हा मला आनंद झाला. हेच मला लिहायचं होतं, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. लोखंड कुजलंय, घाटाच्या वळणावर चाक निखळेल, हे सगळं नंतर सुचलं. आधी आनंद झाला. मी बाहेर आलो तेव्हा तो माझ्या तोंडावर दिसतच असणार.

"घेऊ नको," मी म्हणालो. "चॅसी सडलीय. जीव जाईल."

भावाची बायको हसली. "दादा, आमच्या कुठल्या वस्तूला तुमी कदी बरं म्हटलंय?"

"अगं, खाली वाकून बघ की!"

"मला काय कळतंय त्यातलं? तुमच्या पोटात दुखतंय तेवढं कळतंय."

भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे दादा. उद्या सांजच्याला बोलणी करतो. दिवाळीत धाकट्या पोरीला घेऊन माळशेज घाटात जायचं ठरवलंय."

परत येताना मरू दे, असं मनात आलं, आणि मग मीच घाबरलो. कारण डोळ्यांसमोर त्याची पोरगी आली. ती मला मोठे बाबा म्हणते. एवढ्या वर्षांत एकदाच खरा दोष सापडला होता आणि तो कुणी ऐकणार नव्हतं. चूक त्यांची नव्हती. माझा शब्द मीच स्वस्त करून ठेवला होता.

वडिलांची आठवण त्याच रात्री आली. म्हसाला लोक त्यांना बैल पारखायला न्यायचे. एकदा एका शेजाऱ्याने पांढरा खोंड दाखवला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि दोन पावलं मागे सरले. "ह्यो मलाच पायजे," ते म्हणाले. "तवा माझ्या शब्दावर जाऊ नको. दुसऱ्याला दाखव." शेजाऱ्याने तो घेतला. पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या बांधाला लागून नांगर ओढायचा आणि वडील त्याच्याकडे बघत विडी ओढायचे.

सकाळी मुरबाड गाठलं. भाऊ नुकताच दुकान उघडत होता.

"ती गाडी मला पायजे," मी म्हणालो. "तीस वर्षं झाली. म्हणून माझं ऐकू नको. तुमच्या मुरबाडच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला ने आणि डाव्या बाजूचं डांबर खरवडायला सांग."

मुरबाडच्या त्या मिस्त्रीला मी आयुष्यभर नुसता ठोकपीट्या म्हणत आलो. भावाला ते माहीत होतं. त्याने शटर परत खाली ओढलं आणि मिस्त्रीला घ्यायला निघाला.

मिस्त्रीने डाव्या बाजूचं भोक बघितलं. उजव्या बाजूलाही चीर निघाली. ती माझ्या नजरेतून सुटली होती. गाडी तरीही भावानेच घेतली. मिस्त्रीने तिच्याखाली दोन्हीकडे नवं लोखंड घातलं. दिवाळीआधी मी मुद्दाम जाऊन तिच्याखाली शिरलो, पेचकस घेऊन. तो कुठेच आत गेला नाही. त्या दिवशी मी जेवढा जळलो तेवढा आयुष्यात कधी जळलो नव्हतो. ते घाटातून सुखरूप आले. पोरीने माझ्यासाठी पेढे आणले, आणि तेही चांगले होते.

आता भाऊ काहीही घ्यायला निघाला की आधी विचारतो, "दादा, तुला पायजे काय?" मी नाय म्हटलं, तरच मला बघायला नेतो. परवा तो ती लाल गाडी घेऊन माझ्या दारात आला. क्लच दाबला की आवाज येत होता. इंजिन चालूच ठेवून त्याने विचारलं, "बघतोस काय जरा? का अजून पायजे तुला?"

हात पुसायचं फडकं मी खांद्यावर टाकलं होतं. पान्हाही उचलला होता.

"पायजे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि गाडी मुरबाडच्या मिस्त्रीकडे वळवली.