वगळलेले दोन आकडे

सुदामच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर ३,८६० हा आकडा होता आणि त्यावर माझ्याच हातची पेन्सिलची आडवी रेघ होती. दुसऱ्या दिवसाच्या कागदावर ४,२१०. त्यावरही रेघ. दुपारचा पाऊण वाजला होता. दोनच्या शिफ्टला सुदाम पहिल्यांदाच पॉवर प्रेसवर बसणार होता. प्रेस वाळूजला, मी गारखेड्यात घरी, आणि मधे बंद पुकारलेलं अख्खं औरंगाबाद.

हे आकडे मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. चाचणी साधी होती. माणसाला एका खोक्यासमोर बसवायचं. लाल दिवा लागला की त्यानं बटण दाबायचं. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला ते खोक्यावरचं घड्याळ दाखवतं. याला रिअ‍ॅक्शन टाइम म्हणतात. धडधाकट माणसाचा अडीचशेच्या आसपास येतो. प्रत्येकाच्या दहा वेळा, दोन दिवस, अशा वीस नोंदी मी घेत असे. सुदामच्या अठरा नोंदी दोनशेतीस ते दोनशेऐंशीच्या आत होत्या. उरलेल्या दोन जवळजवळ चार चार सेकंदांच्या.

त्या दोन मी का वगळल्या? सवयीनं. कंपनीत येण्यापूर्वी साडेचार वर्षं मी विद्यापीठात मानसशास्त्रात संशोधन करत होतो. विषय हाच, अवधान आणि प्रतिक्रियेचा वेळ. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येकाच्या दहा नोंदींतली सर्वांत मोठी काढून टाकायचो आणि उरलेल्या नऊंची सरासरी घ्यायचो. कुणी दार वाजवतं, कुणाला शिंक येते, असा एखादा आकडा सरासरी बिघडवतो. प्रबंधासाठी ही रीत बरोबर होती. तीच मी बरोबर घेऊन कारखान्यात आलो आणि एक क्षणही विचार केला नाही की प्रेसवर हात सरासरीनं जात नाही. तो एकदाच जातो.

संशोधन सोडलं त्याचं कारण लोकांना मी 'घरची जबाबदारी' असं सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. मला दोनशेचाळीस विद्यार्थी तपासायचे होते, एकशेत्रेसष्टवर गाडी थांबली. नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ कधी बंद, कधी चालू. हॉस्टेलची पोरं येईनाशी झाली. आली तरी दोन्ही बाजूंची पोरं एका बाकावर बसेनात. आमचं घर वैजापूरकडचं, मेंढपाळाचं. शिकलेला मी पहिलाच. दोन्ही बाजू मला विचारायच्या, तू कुणाचा? मी उत्तर देत नसे, आणि त्यामुळे दोघांचाही विश्वास गेला. एकदा प्रयोगशाळेच्या काचा फुटल्या तेव्हा मी टेबलाखाली होतो. त्या दिवशी ठरवलं. माझे गाइड म्हणाले होते, "कारखान्यात जाऊन तू चाचण्यांचा कारकून होशील. आणि एकदा गेलास की परतीची जागा नाही." जागा खरंच दुसऱ्याला दिली गेली. त्यामुळे वाळूजच्या नोकरीतले प्रोबेशनचे सहा महिने नीट पार पडणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं. त्यातले चार झाले होते.

बंदमुळे गारखेड्याची कंपनीची बस येणार नव्हती, म्हणून मी घरी बसून मॅनेजरसाठी रिपोर्ट तयार करत होतो. तेव्हा दोन्ही दिवसांचे कागद पहिल्यांदाच शेजारी शेजारी आले. एकदा आलेला मोठा आकडा बाहेरच्या कशाचा तरी असतो. दोन्ही दिवस आला तर तो त्या माणसाचाच.

खरं सांगायचं तर पहिला विचार जाण्याचा नव्हता. पहिला विचार असा आला की, काही झालंच तर कागदावर त्याची सरासरी उत्तम आहे. मला कोणी काही म्हणणार नाही. हा विचार मनात किती वेळ राहिला ते मी मोजलं नाही. पण राहिला.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. शटर बंद. मागच्या दारानं मालकाला उठवलं. वाळूजची लाइन लागेना. चार वेळा फिरवून बघितलं, घरी येऊन सगळे कागद पिशवीत टाकले आणि सायकल काढली.

"शहरात दगड पडतायत आणि तुम्ही आकड्यासाठी निघालात?" बायको म्हणाली.

"आकड्यासाठी नाही. एका माणसाच्या हातासाठी."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग शर्ट बदला. निळा नको, भगवा नको, पांढराही नको. पांढऱ्यातला माणूस पुढारी वाटतो." तिनं ट्रंकेतून तपकिरी शर्ट काढून दिला. मुलीला मात्र तिनं आत नेलं, मी निघताना दिसू नये म्हणून.

गारखेड्यातून स्टेशन, छावणी, मग नगर रोड. सोळा-सतरा किलोमीटर. स्टेशनजवळ टायर जळत होतं. छावणीच्या अलीकडे पंधराएक जणांनी सायकल अडवली. ते कोणत्या बाजूचे ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

"नाव काय?"

मी फक्त माझं नाव सांगितलं.

"पुरं सांग की. आडनाव काय गहाण ठेवलंय?"

मागचे दोघं हसले. मी म्हणालो, "कारखान्यात चाललोय. एका माणसाचा हात मशीनमधी जाईल."

"डॉक्टर हायेस व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. डॉक्टरेटची साडेचार वर्षं मी त्या एका शब्दात वापरून टाकली.

"मग औषधाची पेटी कुठंय?"

त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "जाऊ द्या रे. घामानं लई भिजलाय, खोटं बोलायला निघालेला माणूस एवढा भिजत नाय." त्यांनी हँडल सोडलं. पुढचा रस्ता मी मागं न बघता काटला.

गेटवर घड्याळात दोन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. म्हणजे सुदामची छत्तीस मिनिटं.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. कामगार हातानं पत्र्याचा तुकडा खालच्या साच्यावर ठेवतो, हात काढतो, पायानं पेडल दाबतो, वरचा साचा खाली येतो; हा एक स्ट्रोक. आमची ती प्रेस जुनी होती. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय चालणार नाही अशी सोय तिला नव्हती. ठेवणं, काढणं, दाबणं या क्रमात चार सेकंद डोकं बंद पडलं, तर पाय काय करेल याचा भरवसा नाही.

प्रेस शॉपचे फोरमन रफिकभाई दारातच भेटले. मी ओरडणारच होतो. त्यांनी माझा दंड धरला.

"चिल्लाना नै साब. दचक्या तो पाव पेडल पे जाता."

"मोटर बंद करा मग."

"मोटर बंद करे तो भी चाक घुमते रहता. एखाद स्ट्रोक मारताच. क्या हुआ बोलो."

मी दोन वाक्यांत सांगितलं. ते गंभीर झाले. "मेरे कू भी लगा था. सुबह ट्रेनिंग में दो बार पुकारा, सुनाच नै. मैं समझा बंद के टेन्शन में है."

ते चालत सुदामच्या मागून डावीकडे गेले. तिथं कोऱ्या पत्र्यांचा ट्रे होता. सुदाम एक तुकडा साच्यावर ठेवत होता. हात बाहेर आला, स्ट्रोक झाला, आणि तेवढ्यात रफिकभाईंनी ट्रे मागं ओढून घेतला. सुदामचा हात पत्र्यासाठी गेला, रिकामा फिरला. त्यानं वर बघितलं. पाय पेडलवरून आपोआप खाली आला. दोन्ही हात शाबूत होते. मी ते दोनदा मोजले, दहा बोटं.

खरी भीती इथून पुढं होती.

"सुदाम, आज तुम्ही प्रेसवर बसू नका," मी म्हणालो.

तो हर्सूलचा, बावीस-तेवीस वर्षांचा. बंदच्या दिवशी दांडी पडली तर नवा माणूस म्हणून काढतील या धास्तीनं आदल्या संध्याकाळीच वाळूजला मावसभावाकडे येऊन राहिला होता. त्याचं आडनाव मी इथं लिहीत नाही. त्या दिवसांत आडनावावरून माणसाची बाजू लोक परस्पर ठरवत.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही. चाचणीत एक गोष्ट..."

"चाचणीत पास केलं तुम्हीच. आज बंद, आज नामांतराची बोंब, आन् आजच चाचणी नापास?" तो शांतपणे म्हणाला. "साहेब, आडनाव आज वाचलं का?"

आजूबाजूची तीन मशीनं थांबली. कामगार बघत होते. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते बोललो असतो तर माझी नोकरी पणाला लागली असती. मी "मॅनेजरांशी बोलून सांगतो" असं म्हणून निसटलो. हे मला आजही बरं वाटत नाही.

पर्सोनेल मॅनेजर देसाईसाहेब पुण्याचे, कामाचे माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "'प्रेससाठी अनसुटेबल' एवढं लिहा. चाचणी चुकली असं लिहू नका. मग तुम्ही तपासलेल्या चाळीसच्या चाळीस निवडींवर प्रश्न येईल."

"यायलाच हवा, सर. रीत सगळ्यांना तीच लावली होती."

"तुम्ही प्रोबेशनवर आहात, लक्षात आहे ना?"

"आहे सर."

"आणि त्याला काय सांगणार?"

"नुसतं अनसुटेबल लिहिलं तर तो जे समजतोय तेच खरं ठरेल. बाहेर काय चाललंय ते मी आत्ताच बघून आलो."

देसाईंनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या सहीनं लिहा. माझ्या नाही."

मी शॉपमध्ये परत गेलो. सरळ कागदच पुढं केले. रफिकभाई आणि ते तीन कामगार तिथंच होते. मी म्हणालो, "हे तुमचे वीस आकडे. हे दोन मी खोडले. खोडायला नको होते. चूक माझी. तुमच्या आडनावाची नाही, तुमचीही नाही."

सुदामनं कागद घेतला, एकेक आकड्यावर बोट ठेवत वाचला. "दुसऱ्यांचे बी दाखवा," म्हणाला. मी नावं झाकून आणखी सहा कागद दाखवले. चार हजार कुठंच नव्हता.

चक्कर येते का, हे मात्र मी त्याला चारचौघांत विचारलं नाही. स्टोअरच्या मागं नेऊन विचारलं. तो म्हणाला, "आई म्हणते, बोलता बोलता तू कुठं जातोस रं? मला तर काय कळत नाय. मला वाटायचं तिचंच वय झालं."

डॉक्टरांनी फिटचा एक प्रकार सांगितला. यात माणूस पडत नाही, काही क्षण नुसता हरवतो. गोळ्या सुरू झाल्या. नोकरी राहिली, पण इन्स्पेक्शन टेबलावर, फिरत्या मशीनपासून लांब. बाकीचे सगळे कागद मी पुन्हा तपासले. आणखी एक माणूस सापडला. तो रात्री दुसरीकडे वॉचमनगिरी करून सकाळी अर्धवट झोपेत प्रेसवर बसत होता. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. शेऱ्यात 'निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. मी त्यावर हरकत घेतली नाही, कारण शेरा बरोबर होता.

सुदामनं माझे आभार कधी मानले नाहीत. मानावेत असं काही मी केलंही नव्हतं. आधी त्याला मीच प्रेसवर बसवलं होतं. दोन वर्षांनी तो युनियनचा प्रतिनिधी झाला आणि प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्यासमोर बसू लागला. मी काहीही सांगायला लागलो की तो हात पुढं करायचा, "तोंडी नको साहेब. कागद दाखवा."

देसाईसाहेब वैतागायचे. मी कागद घेऊनच जायचो. खोडलेल्या आकड्यांसकट.