अळीताईचा शेवटचा हिवाळा

खोली भाड्याने घेताना माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. अळीताईने विचारलं, "काकू, ही खोली हिवाळ्यात किती गार पडते?" मी म्हटलं, "बर्फच होते." तिने लगेच होकार दिला. मनात म्हटलं, ही एकतर वेडी आहे, नाहीतर चोर.

ती नाशिककडची, पस्तिशीची, एकटी. आमच्या कोंढा गावात आली ती धानाची पानं खाणाऱ्या एका तपकिरी फुलपाखरासाठी. खोलीत कुंड्यांमध्ये धान, त्यावर जाळीचे पिंजरे आणि आत हिरव्या अळ्या. आठ दिवसांत गावाने तिचं नाव अळीताई करून टाकलं. ज्या अळीवर आम्ही फवारे मारतो, तिला ही बाई पानं पुसून वाढायची. शेजारचे सुखदेवभाऊ मला म्हणाले, "सरकार हिले आमचं धान अळ्यांले चारायसाठी पैसे देते काय?"

मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे; समजल्याशिवाय पिच्छा सोडत नाही. तिने समजावलं. पावसाळ्यात या फुलपाखराच्या पंखांवर मोठे डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे ठिपके, उमटतात. थंडीत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं कोरं निघतं. "जीन तेच असतात काकू. कुठला कधी चालू व्हायचा, ते थंडी-ऊन ठरवतं." क्वचित एखादं मात्र थंडीला न जुमानता डोळे घेऊन निघतं. ती नेमकी तेवढीच निवडून त्यांची अंडी घ्यायची. पिढ्यान् पिढ्या असं केलं, तर थंडीचं न ऐकणारं घराणंच तयार होतं का, हे तिला पाहायचं होतं. तिची संशोधनाची फेलोशिप मार्चपर्यंत. म्हणजे हाती हा एकच हिवाळा उरलेला.

अळ्यांपायी ती स्वतः गारठायची. खोलीत शेगडी नाही, चहासुद्धा माझ्या स्वयंपाकघरात येऊन प्यायची. मी म्हणायची, "काहून वं, तुले हाडं नाहीत काय?" ती म्हणायची, "आहेत की. पण प्रयोग त्यांच्यावर नाही चाललेला." तिला फोन फारसे येत नसत. मलाही नाही. मुलगा नागपूरला, रविवारी बोलतो, तेही टीव्ही बघत. संध्याकाळी आम्ही दोघी न बोलता धानाची पानं निवडत बसायचो. मला फार बरं वाटायचं.

जानेवारीत तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं म्हणून ती पाच दिवस गेली. "काकू, पानं तेवढी बदला," एवढंच सांगून गेली. नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली. अळ्या पानाला चिकटून निपचित पडल्या. मला राहवेना. कोंबडीच्या पिल्लांवर लावतो तसा मी पिंजऱ्यांवर बल्ब लावला. ती यायच्या दिवशी काढून ठेवला. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दहा-बारा दिवसांनी फुलपाखरं निघाली. सगळ्यांना डोळे. अळीताईने मला मिठी मारली, रडली, मग वडिलांना फोन लावला. "बाबा, जमलं," एवढंच तीनतीनदा म्हणत होती. मला बल्ब आठवला. मी गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? तिचं नाव झालं असतं, फेलोशिप वाढली असती, ती इथेच राहिली असती. खरं सांगते, मला ती राहायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी चहा देताना सांगून टाकलं. "पोरी, मीनं त्याईच्यावर बल्ब लावला होता. पाचही दिवस. त्याईले थंडी वाजून राहिली होती."

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे थंडीत खरं कोणतं डोळे घेऊन निघालं असतं, ते आता कळणारच नाही," म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. दुपारी तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला, तो मी दारामागून ऐकला. माझं नाव तिने घेतलंच नाही. "माझ्याकडून चूक झाली," म्हणाली.

नव्याने सुरुवात करायला थंडी उरली नव्हती. फेब्रुवारीत तिने सामान बांधलं. मी विचारलं, "या फुलपाखरांले बाहेर सोडून देऊ काय?" "नको काकू. या दिवसांत डोळेवाल्यांना लपता येत नाही, पक्षी टिपतात." पिंजरा माझ्याकडे ठेवून ती गेली. मी त्यांना पिकलेलं केळं ठेवायची. रोज एखाद-दुसरं खाली पडलेलं सापडायचं. पिंजरा रिकामा झाला त्या सकाळी मी तिला फोन केला.

"किती उरलीत काकू?" तिने विचारलं.

"मीच उरली," मी म्हटलं.