मध्येच निघालेली दाद

बॉथेलमधल्या ऑफिसातल्या माझ्या फिनिश सहकाऱ्याच्या भावाचा तिकडे फिनलंडमध्ये रॉक बँड आहे. त्यात गाणारं कोणी नाही, नुसती वाद्यं. त्यांची पहिली रेकॉर्ड ऐकायला मी सहकाऱ्याच्या घरी कुरकुरतच गेलो. शब्द नसलेलं रॉक काय ऐकायचं!

बाहेर धुकं होतं. कीबोर्डचे सूर त्यात विरघळत होते. मग भावाची गिटार अशी काही समेवर आली की मी मोठ्यांदा ‘वा!’ म्हणून गेलो.

सहकाऱ्याने दचकून सुई उचलली. “काही चुकलं?”

मला माझाच राग आला. म्हटलं, “आमच्याकडे आवडलं की गप्प बसवत नाही.”

त्याने रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

ती जागा आली, तेव्हा डोळे मिटून तोच हळूच म्हणाला, “वा.”