मोंजियाने पास केलेले अकरा डबे

मोंजिया अयारी एकोणतीस वर्षं एकच काम करत आली होती. मोबाईलच्या टॉवरवर चढवायचा रेडिओचा डबा आधी तिच्या बाकावर यायचा. ती त्याच्या आठ तोंडांना एकेक करून केबल जोडायची, डबा किती ताकदीनं बोलतोय ते मीटरवर बघायची, आकडा वहीत लिहायची आणि खाली सही करायची. मगच तो डबा टॉवरवर जायचा. दिवसाला सहा डबे, फार झाले तर सात.

तिचे वडील केफ गावी टेलिफोनच्या तारा ओढायचे. लाकडी खांबावर चढून वरूनच ओरडायचे, "मोंजे, घरी जाऊन फोन उचल, आवाज येतोय का बघ!" पाच भावंडांत तिलाच हा खेळ आवडायचा. पुढे तांत्रिक शाळेत दोन वर्षं काढून ती ट्युनिसला आली आणि शहराबाहेरच्या आरियानातल्या या प्रयोगशाळेत लागली. तेव्हा तिथं बाईमाणूस म्हणजे ती एकटीच. आता चोपन्नाव्या वर्षी तिला सगळे लेल्ला मोंजिया म्हणत. मानानं म्हणत आणि थोडे दबूनही असत, कारण ढिला जोड दिसला की तिची जीभ सुटायची.

मार्चमध्ये प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. कपाटाएवढं धूड. डबा आत ठेवायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. नऊ मिनिटांत आठही तोंडं तपासून ते पडद्यावर हिरवं किंवा लाल दाखवणार. दिवसाला चाळीस डबे.

"तुझी सवत आली म्हणायची," तिचा नवरा हेदी घरी म्हणाला.

"आपल्या देशात सवतीला बंदी आहे," मोंजिया म्हणाली. पण हसली नाही.

यंत्राच्या चाचण्या लिहिल्या योसरानं. योसरा चौतिशीची इंजिनिअर, हुशार आणि घाईची. केबलींचं काम मात्र तिनं मोंजियाकडे दिलं. प्रत्येक केबल वाटेत थोडी ताकद खाते. किती खाते ते यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं, म्हणजे ते तेवढी मिळवून खरा आकडा काढतं. मोंजियानं आठही केबली तीन-तीनदा मोजल्या. तिसरी आणि सहावी कपाटाच्या मागून वळसा घालून येत, म्हणून त्या जास्त खात. सगळे आकडे तिनं वहीत उतरवले, मग स्वतःच्या संगणकावर तक्ता करून योसराला दिला.

शुक्रवारी दिवसभर पहिली मोठी चाचणी चालली. मोंजियानं गेल्या महिन्यात हातानं तपासून पास केलेले चाळीस डबे मुद्दाम मागे ठेवले होते. तेच यंत्रात घालायचे आणि दोन्ही निकाल जुळतात का बघायचे, असं ठरलं होतं.

अकरा लाल आले.

प्रयोगशाळेचे प्रमुख मोख्तार, सगळे त्यांना मानानं सी मोख्तार म्हणत, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "सगळे तिसऱ्या नाहीतर सहाव्या तोंडावर नापास आहेत," योसरा हळूच म्हणाली. "त्या दोन तोंडांचे आतले भाग नव्या पुरवठादाराकडून आलेत."

"म्हणजे माल खराब, आणि आपण तो पास केला," मोख्तार म्हणाले. आपण म्हणताना त्यांनी मोंजियाकडे बघितलं.

"सी मोख्तार, मी तो पुन्हा मोजते. तुमच्यासमोर."

तिनं एक लाल डबा बाकावर घेतला, केबल लावली, मीटर फिरवला. डबा पास झाला.

"लेल्ला, तुमचा हा मीटर माझ्या लग्नाच्या वेळचा आहे," मोख्तार म्हणाले. "मी कुणावर विश्वास ठेवू? त्याच्यावर की या नव्या यंत्रावर? याच खेपेचे सहाशे डबे दक्षिणेत केबिली, दूझ, ततावीनला टॉवरवर चढलेत. सगळ्यांवर तुमची सही आहे. सोमवारी दुपारी बारापर्यंत मला वर कळवायचंय, ते उतरवायचे की नाही."

मोंजियानं मनाशी आकडा पुन्हा म्हटला. सहाशे डबे! वाळवंटातल्या टॉवरवर माणसं पुन्हा चढवायची, तीही तिच्या एका सहीपायी? तिनं चष्मा काढून पुसला. गेल्या वर्षात त्याचा नंबर दोनदा बदलला होता. हे योसराला माहीत होतं, आणि योसराला माहीत आहे हे मोंजियालाही.

तिची मुलगी इब्तिहेल दूझच्या पलीकडच्या एका गावात सुईणीचं काम करायची. तिथल्या बायका कळा सुरू झाल्या की मोबाईलवरूनच तिला बोलवत. शनिवारी दुपारपर्यंत मोंजियानं तिला पाच फोन केले.

"आत्ता किती रेघा दिसतायत?"

"आई, चार! सकाळीही चारच होत्या. तुला झालंय काय?"

"काही नाही. जरा घराबाहेर जाऊन बघ."

"बाहेर वारा सुटलाय, तोंडात वाळू जातेय. बाबांना फोन दे बघू."

हेदीनं फोन घेतला आणि आवाज खाली करून म्हणाला, "दोन दिवस नीट जेवली नाही ती. तू फक्त चार म्हणत राहा."

रविवारी सकाळी मोंजिया स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही आणि निकालाचे छापील कागद घेऊन बसली. समोर हेदी वाटाणे सोलत होता. चूक आपली असेल तर ती स्वतःच शोधायची, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं पहिला डबा घेतला. प्रत्येक तोंडासाठी वहीतल्या आकड्यातून यंत्राचा आकडा वजा केला. मग दुसरा डबा घेतला, मग तिसरा.

चौथ्या डब्याला तिचा हात थांबला.

"हेदी, मीटर म्हातारा झाला असता तर सगळ्याच तोंडांवर सारखंच चुकला असता ना?"

"असेल. मला काय विचारतेस, मी आयुष्यभर चपला शिवल्या."

"इथे प्रत्येक तोंडाचा फरक वेगळा आहे. आणि डबा कुठलाही घे, त्या तोंडाचा फरक तोच. पहिल्याला दशांश एक. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला दशांश नऊ. चौथ्याला दशांश दोन." ती उठून उभी राहिली. "डब्यात दोष नाही. दोष केबलींत आहे."

तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. केबलींचे आकडे तिथे तिच्या ठसठशीत अक्षरात होते. २,१. २,०. २,९. २,२. शाळेत मास्तरांनी शिकवले तसे, दोनच्या पुढे स्वल्पविराम आणि मग दशांश. अख्खा देश असाच लिहितो. तिच्या संगणकानंही तक्त्यात तसेच ठेवले होते.

पण योसराच्या चाचण्यांत सगळीकडे स्वल्पविरामाच्या जागी टिंब होतं.

मोंजिया पुन्हा खुर्चीवर बसली. यंत्रानं दोन वाचला, स्वल्पविराम दिसला, आणि तिथेच वाचणं थांबवलं. पुढचे दशांश त्याच्या लेखी नव्हतेच. म्हणून तिसऱ्या केबलीनं खाल्लेले दशांश नऊ कुणी परत मिळवलेच नाहीत, सहावीचे दशांश आठही नाहीत. बिचारे डबे पूर्ण ताकदीनं बोलत होते आणि यंत्र त्यांना अशक्त ठरवत होतं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "हेदी, माझे डबे चांगले आहेत."

हेदीनं वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडत होती आणि रडता रडताच कागदावर पुढची वजाबाकी करत होती. तिला चाळीसही डबे तपासून बघायचे होते.

डोळे पुसून झाल्यावर दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. मग हा तक्ता कुणी केला? तिनंच. तिनं हेदीला स्वल्पविरामाचं सगळं सांगितलं.

"उद्या लवकर जा," हेदी म्हणाला. "कुणी यायच्या आत त्या स्वल्पविरामांच्या शेपट्या काढ आणि टिंबं टाक. यंत्र नवंच आहे, पहिल्या दिवशी अडखळलं म्हणतील. कोण बघायला येतंय?"

मोंजियाला मोह झाला नाही असं नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर शेजारीण गालिचा झटकत होती. शेजारणीनं हात केला, हिनंही केला.

"मग शुक्रवारी अकरा लाल का आले, ते कोण सांगणार?" ती वळून म्हणाली. "कारण सापडलं नाही तर सहाशे डब्यांवरचा संशय तसाच राहील. माणसं टॉवरवर चढतीलच." आणि तिनं योसराला फोन लावला.

योसरा नाबुलला सासरी जेवायला गेली होती. मागे ताटांचा आणि पोरांचा गलका चालला होता. मोंजियानं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "चूक माझ्या हातची आहे, बेटी. सी मोख्तारना मीच सांगते."

पलीकडे दार लागलं आणि गलका बंद झाला.

"लेल्ला, तुम्ही जगातल्या सगळ्यात चांगल्या बाई आहात," योसरा म्हणाली. "आणि मी गाढव आहे. आकडा कळला नाही तर यंत्रानं बोंब मारायला हवी होती. ते मी लिहिलंच नाही, घाईत राहून गेलं. मी शुक्रवारपासून त्या पुरवठादाराला शिव्यांची पत्रं लिहितेय! बरं, एकही पाठवलेलं नाही अजून."

सोमवारी साडेसातला दोघी प्रयोगशाळेत हजर होत्या. योसरानं यंत्राची नोंद उघडली. त्यानं केबलींचे कोणते आकडे धरले होते ते तिथे दिसत होतं. ओळीनं आठही जागी नुसता दोनचा आकडा उभा होता. योसरानं कपाळावर हात मारला. मोंजियानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, योसरानं टिंब देऊन भरला, आणि अकरांतला पहिला डबा आत गेला.

नऊ मिनिटांनी हिरवं.

दुसरा हिरवा. तिसरा हिरवा. सव्वाआठला सी मोख्तार आले आणि कोट न काढताच उभे राहिले. मोंजियानं त्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक कुठेही न लपवता. ते पडद्याकडे बघत राहिले. चौथा. पाचवा. दहाही हिरवे झाले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते.

अकरावा लाल आला.

योसराचा चेहरा उतरला. मोख्तारांनी घसा खाकरला. मोंजिया सरळ यंत्राकडे गेली. तिनं दार उघडलं, आत हात घातला आणि आठही जोड बोटांनी चाचपले. सहावा हलला.

"हा कुणी लावला?"

"मी," योसरा पुटपुटली.

"जोड बोटांनी लावून सोडायचा नसतो, पान्यानं आवळायचा असतो. किती वेळा सांगायचं?" तिनं खिशातून छोटा पाना काढला, कट् असा आवाज येईपर्यंत जोड आवळला आणि दार लावलं. पुढची नऊ मिनिटं तिघांतलं कुणीही बसलं नाही.

हिरवं!

योसरानं मोंजियाला मिठी मारली. सी मोख्तारांनी आता कोट काढला. त्यांचा सदरा पाठीवर घामानं भिजला होता. म्हणजे हा माणूसही तीन दिवस घाबरलेलाच होता तर, मोंजियाच्या मनात आलं.

"एका शेपटीपायी," ते म्हणाले, "एवढुशा शेपटीपायी मी सहाशे डबे वाळवंटातून परत बोलावणार होतो. बदलीचा अर्जसुद्धा मनात लिहून ठेवला होता." मग ते हसायला लागले, आणि त्यांना ते थांबवता येईना. हसू ओसरल्यावर त्यांनी वर फोन लावला. "डबे उत्तम आहेत. चूक तक्त्यात होती, सापडली. कुणी शोधली? ज्यांच्या हातून झाली त्यांनीच."

फोन ठेवून ते मोंजियाकडे वळले. तिनं हात पुढे बांधून घेतले होते.

"अशा उभ्या राहू नका, मला शाळेतल्या हेडमास्तरसारखं वाटतं," ते म्हणाले. "जूनमध्ये दुसरं यंत्र येतंय. त्याच्या केबलीही तुम्हीच मोजायच्या. आणि आजपासून दर दहा डब्यांमागे एक हातानं तपासायचा, यंत्रावर नजर ठेवायला. तुमच्या त्या म्हाताऱ्या मीटरवर."

"मीटर म्हातारा नाही, अनुभवी आहे."

"बरं, अनुभवी. पण तक्ता भरताना टिंब, लेल्ला. टिंब!"

"आणि आकडा कळला नाही तर यंत्र आता ठणाणा करेल," योसरा म्हणाली. "आज संध्याकाळच्या आत लिहिते."

दुपारी योसरानं सगळ्यांना पातळ पोळीत अंडं भरून तळलेले ब्रिक आणून खाऊ घातले. मोंजियानं दोन खाल्ले, तिसऱ्याचाही अर्धा. अंड्याचा बलक हनुवटीवर ओघळला, तोही तिनं बोटानं पुसून चाटला.

पाचला ती घरच्या बसमध्ये बसली. खिडकीतून ऊन मांडीवर पडलं होतं. पुढच्या थांब्यावर कोण चढलं ते तिला कळलंही नाही. जाग आली तेव्हा बस रिकामी होती आणि ड्रायव्हर तिच्या पुढ्यात उभा होता.

"हाज्जा, शेवटचा थांबा आहे. कुठं उतरायचं होतं तुम्हाला?"

"मी अजून हजला गेलेले नाही, मला हाज्जा म्हणू नकोस," ती डोळे चोळत म्हणाली. "चार थांबे मागे उतरायचं होतं."

"एवढ्या गाढ झोपला होतात, मला उठवायचं जिवावर आलं. बसा, दहा मिनिटांनी मी परत त्याच वाटेनं जाणार आहे."

"नको, चालत जाते," मोंजिया म्हणाली. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि रस्त्याला लागली.