पुनःप्रसारण

दुपारच्या टीव्हीला आग लागो, असं मी त्या उन्हाळ्यात उठता-बसता म्हणायची. पण बंद काही करायची नाही. करणार तरी काय? पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, पायांवर सूज, आणि नर्सबाईनं दम दिलेला की विहिरीवर गेलीस तर खबरदार. गावातल्या बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात निघून जायच्या. मी मात्र आलापल्लीच्या पुढच्या त्या एवढ्याशा गावात, ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसलेली. माझा नवरा भाड्याची जीप चालवायचा. जीप आलापल्लीच्या एका मालकाची, चालवणारा हा. सर्व्हेच्या साहेबलोकांना घेऊन भामरागडकडे, एटापल्लीकडे जायचा, कधी कधी रात्रीही परत यायचा नाही. बायको घरात कंटाळून जाईल म्हणून त्यानंच कुठून तरी जुना काळा-पांढरा टीव्ही आणला आणि लाईट गेली तरी चालावा म्हणून जीपची टाकाऊ बॅटरी जोडून दिली. "आता बस पाह्यत, महाराणी," म्हणाला.

बसली पाहत. एकच चॅनेल लागायचं. सकाळी सुरुवात द्राक्षांवरच्या फवारणीनं. आमच्या गावात द्राक्षाचा वेल कुणाच्या बापानं पाहिला नव्हता, पण मला भुरी आणि केवडा दोन्ही रोग तोंडपाठ झाले होते. मग एक सर इंग्रजीत हिमनद्या शिकवायचे. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आत आपला बर्फ! त्यानंतर एक बाई लोकरीचं टोपडं विणायची. तेच टोपडं, त्याच सुया, आणि दर वेळी त्याच जागी टाका चुकून ती खुदकन हसायची. त्या हसण्याचा मला असा राग यायचा की हाताशी असेल ते फेकून मारावंसं वाटायचं.

दुपारी मालिका. सोमवारची मंगळवारी, मंगळवारची गुरुवारी परत, आणि महिना संपला की सगळं पहिल्यापासून. त्यातली सासू रेशमी साडी नेसून पोळ्या लाटायची आणि सुनेला एक थापड मारली की ती तिन्ही बाजूंनी दाखवायचे. मध्येच चित्र जाऊन नुसत्या मुंग्या यायच्या, मग 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' अशी पाटी. खरं सांगते, दिवसभरात ती पाटीच बरी वाटायची. निदान तोंड तरी वाजवत नव्हती.

माझ्या सासूला सगळं गाव बाईच म्हणायचं, मीही बाईच म्हणायची. तिला टीव्हीचं काही कौतुक नव्हतं. अंगणात वाळत घातलेली मोहफुलं निवडता निवडता ती एखादी नजर आत टाकायची. "कालच तं हाणलं होतं इनं सुनेले. आजबी हाणते? हात नाई दुखत का बयेचा?" आम्ही दोघी हसायचो. नवरा घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, "आज काय झालं वो तुह्या टीव्हीत?" मी म्हणायची, "जे काल झालं."

चैत्र अर्धा संपला असेल. सकाळी उन्हं वर यायच्या आत जीपचा मालक मोटारसायकलवर आला. उतरला नाही, गाडीही बंद केली नाही. नवरा आदल्या दिवशी गेलेला, त्यामुळे मालकाला एकट्यालाच पाहून मी भिंतीला धरून उठली.

"आपल्या दोन जीपा गेल्या होत्या नं काल साहेबाले घेऊन," तो म्हणाला, "भामरागडच्या रस्त्यावर सुरुंग फुटला म्हणते. एक जीप उडाली."

"कोणती?"

"तेच तं समजून नाई राह्यलं, पोरी."

"अन् दुसरी?"

"दुसरी मांगं होती म्हणते. तिच्यातले लोक वाचले. मी जाऊन पाह्यतो. पोलिसानं रस्ता बंद केला, जाऊ देतीन का नाई काय मालूम. तू टीव्ही चालू ठेव. त्याच्यावर सांगतीनच."

एवढं बोलून तो गेला. पुढची की मागची, एवढंच मला कळायला हवं होतं. पण सांगणार कोण? साहेबांच्या घरी निरोप द्यायला वायरलेस होता, पोलिसांच्या घरी द्यायला माणसं होती. भाड्याच्या जीपच्या ड्रायव्हरचं नाव कुणाला माहीत? पोस्टातल्या फोनच्या तारा तर होळीपासून तुटून लोंबत होत्या. राहता राहिला तो डबा. मी त्याच्यासमोर जाऊन बसली.

त्या दिवशीही द्राक्षंच. देवा शप्पथ, तोच माणूस, तोच टेरीकॉटचा शर्ट, पाठीवर तोच पंप. मी हात जोडून म्हटलं, बाबा रे, पुरे कर, कुणीतरी येऊन एवढं सांगा की कोणती जीप. तो म्हणाला, फवारणी नेहमी वाऱ्याच्या दिशेनं करावी. मग बर्फ आला. मग ती बया लोकर घेऊन आली, टाका चुकली आणि हसली. मी ओरडलीच तिच्यावर. काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. उठून मोरीपर्यंत जायची सोय नव्हती, तेवढ्यात सांगून टाकलं तर? डोळे चोळायचीही भीती वाटत होती.

बाराच्या सुमारास लाईट गेली. बॅटरी लावली, पण तिच्यात दम नव्हता. चित्र चारी बाजूंनी आत आत आकसत चाललं. बंद करावं तर बातमी निघून जाईल, चालू ठेवावं तर बातमीपर्यंत बॅटरी टिकणार नाही. आणि त्या बॅटरीचा शेवटचा जीव कशावर जात होता, तर त्या रेशमी साडीवाल्या सासूवर! मी आवाज पार कमी केला, जणू त्यानं बॅटरी वाचणार होती. मधल्या पाच मिनिटांच्या हिंदी बातम्यांत एक वाक्य आलं. गडचिरोली जिले में विस्फोट, कुछ लोगों के मारे जाने की आशंका. लगेच क्रिकेट. कुछ लोग! कोण लोग, ते तरी सांग ना मेल्या!

दुपार कलली तशी बाया जंगलातून परतल्या आणि बातमी कानावर पडताच टोपल्या घेऊन तशाच आमच्या ओसरीवर बसल्या. कुणी माझ्या तळव्यांना तेल लावलं, कुणी पाणी पाजलं. भाताचा घास मात्र मला कुणी भरवू शकलं नाही. बाई अंगणात मोहफुलं निवडत होती. निवडून झालेला ढीग तिनं पुन्हा पसरला आणि पुन्हा निवडायला घेतला.

संध्याकाळी, मराठी बातम्यांच्या थोडं आधी, लाईट आली. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी सांगणाऱ्या बाईनं स्फोट म्हटलं, गडचिरोली म्हटलं, आणि चित्र लागलं. चार जण स्ट्रेचर उचलून चालले होते. मागच्या बाजूला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तोंड वेंगाडून वजन पेलणारा, तो माझा नवरा होता.

"हे पाहा! हे! आमचे हे!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारणीनं माझं पोट धरलं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. चित्र दोन क्षण टिकलं आणि गेलं, पण काय शंका? स्वतःच्या नवऱ्याला ओळखायला किती वेळ लागतो? तो उचलणाऱ्यांत होता. उचललेल्यांत नव्हता. मागची जीप त्याची होती. मी रडली, हसली, दोन्ही एकदम. कुणी पळत जाऊन गूळ आणला, कुणी वेशीवरच्या देवासमोर नारळ फोडून आलं. बाई उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, आनंदाचं रडू लोकांसमोर नको म्हणून गेली असेल.

आणि मग मला जी भूक लागली! बाईनं गरम भात आणि वाळल्या मासोळ्यांचा रस्सा वाढला. मी हावऱ्यासारखी जेवली. पोटातलं लेकरूही दिवसभर मुकाट होतं, ते ढुशा मारायला लागलं. नवरा आला की आधी त्याला झापायचं, मग जेवायला घालायचं, असं ठरवून मी आडवी झाली आणि गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी मी केस विंचरून, कुंकू लावून टीव्हीसमोर बसली. कालची बातमी आज परत दाखवणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. दुपारचा टीव्ही मला शिकवणार कोण? जाणाऱ्या-येणाऱ्या बायांना मी हाका मारून बसवलं. म्हटलं, या, काल ज्यांनी पाह्यलं नाई त्यांनी आज पाहा. द्राक्षंसुद्धा त्या दिवशी गोड वाटली. मधल्या बातम्यांत चित्र परत लागलं. तेच चार जण, तेच स्ट्रेचर.

आदल्या दिवशी मी फक्त त्याला शोधत होती. आता तो कुठे आहे ते ठाऊक होतं, म्हणून नजर मोकळी होती. ती त्याच्यावरून मागे गेली. मागे साग होता. सागाला पानं होती. सुपाएवढाली, ओली, खाली लोंबणारी पानं, त्यांची टोकं माणसांच्या डोक्याला लागत होती.

चैत्रात सागाला पान नसतं. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. अंगणापलीकडे सागाचं अख्खं रान उभं होतं, नुसते खांब, आणि खाली वाळलेल्या पानांचा कचरा, ज्यात कोंबडी चालली तरी आवाज व्हायचा. ते चित्र श्रावणातलं होतं. गेल्या श्रावणात नाल्यात ट्रक उलटला होता, यानं जखमींना उचललं होतं, आणि कुणी कॅमेरावाला आला होता. "मले टीव्हीत दाखवतीन," म्हणून तो तेव्हा किती दिवस मालकाच्या घरी बातम्या पाहायला जाऊन बसायचा. तेव्हा मेल्यांनी दाखवलं नाही. काल त्यांच्याकडे नवं चित्र नव्हतं, म्हणून जुनं लावून दिलं.

मी ओसरीवरच्या बायांकडे पाहिलं. जन्म सागाच्या रानात काढलेल्या त्या बाया. एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. कुणीतरी उठून टीव्ही बंद केला.

मालक त्याच संध्याकाळी आला. पुढची जीप माझ्या नवऱ्याची होती. मागच्या जीपमधले लोक पायी आलापल्लीला पोचले होते, त्यांनीच सांगितलं. मला पाहू दिलं नाही, आणि पाहण्यासारखं काही उरलंही नव्हतं, असं लोक मला ऐकू येणार नाही अशा बेतानं बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

पोरगी झाली. तेरवी होऊन गेली, बारसं गुपचूप उरकलं. पाऊस लागला आणि सागाला पानं फुटली. एक दिवस पोरीला मांडीवर घेऊन मी बाईजवळ चुलीपाशी बसली होती. इतके दिवस जे विचारायची हिंमत होत नव्हती, ते विचारलं.

"बाई, ते पानं तुमाले कवा दिसले?"

ती लाकूड आत सारत राहिली. "पह्यल्यांदाच दिसले."

"त्याच संध्याकाळी?"

"हो."

मला संताप आला. एक अख्खी रात्र मी वेड्यासारखी सुखात झोपली होती, लोकांना गूळ वाटला होता, कुंकू लावून बसली होती. मी जवळजवळ ओरडली, "तुमचा तं पोटचा पोरगा होता वो! मंग त्याच वक्ती काऊन नाई सांगतलं मले?"

बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"कसं सांगू, माय," ती म्हणाली. "दिवसभराची उपाशी होती तू. भात मांगून राह्यली होती."